कंपनी विकली जातेय, तुमच्या ईसॉपचं काय? कागद, पैसा आणि कर यांचा हिशेब

गेल्या महिन्यात एका रविवारी भाची सकाळीच बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली. एका हातात शेव-उसळीचं पार्सल, दुसऱ्या हातात फोन, त्यावर कंपनीचं ईमेल उघडलेलं. "मामा, आमची कंपनी विकली. माझ्याकडे दोन हजार शेअर्स आहेत, आणि शेअरला हजार रुपये भाव आलाय असं सगळे म्हणतायत. म्हणजे वीस लाख ना?"

मी विचारलं, "शेअर्स आहेत की ऑप्शन्स?"

"त्यात काय फरक?"

ऑप्शन म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क, खुद्द शेअर नव्हे; कंपनी नोकरदारांना असे ऑप्शन्स देते ती योजना म्हणजे ईसॉप. त्या फरकापासून सुरुवात होते आणि वीस लाखांचे साडेचार लाख होतात. कसे, ते पुढे आकड्यांनिशी मांडतो. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं हिशेब खात्यात काढली. पुढे दुसऱ्या एका कंपनीत असताना माझेच ऑप्शन्स हातचे गेले. तेही ओघात येईल.

पायरी १ : तुमच्या हातात नक्की काय आहे?

कपाटातून चार कागद काढा: ग्रँट लेटर (ऑप्शन्स दिल्याचं पत्र), ईसॉप योजनेची पूर्ण प्रत, एक्सरसाइज केलं (म्हणजे ऑप्शन वापरून शेअर्स घेतले) असेल तर पैसे भरल्याची पावती, आणि डीमॅट खात्याचं स्टेटमेंट किंवा शेअर सर्टिफिकेट. योजनेची प्रत बहुतेकांकडे नसतेच. ग्रँट लेटर दोन पानांचं असतं आणि त्यात 'बाकी अटी योजनेप्रमाणे' एवढंच लिहिलेलं असतं. सगळा जीव त्या 'बाकी अटीं'मध्ये असतो, म्हणून ती प्रत एचआरकडून आजच ईमेलनं मागवा.

कागद समोर आले की आपला माल तीन ढिगांत वाटा. पहिला ढीग खऱ्या शेअर्सचा: ऑप्शन वापरले, किंमत भरली, शेअर्स नावावर झाले. या ढिगापुरते तुम्ही भागधारक आहात, कायद्यानं मिळणाऱ्या नोटिसा तुम्हालाही आल्या पाहिजेत. दुसरा ढीग व्हेस्ट झालेल्या (ठरलेला काळ भरून वापरण्याजोग्या झालेल्या), पण न वापरलेल्या ऑप्शन्सचा. इथे तुमचा हक्क पक्का झालाय, पण तुम्ही अजून भागधारक नाही. मतदान नाही, लाभांश नाही. तिसरा ढीग व्हेस्ट न झालेल्यांचा. हा अजून निव्वळ वायदा आहे.

भाचीच्या दोन हजारांत पहिला ढीग शून्य, दुसरा पंधराशेचा आणि तिसरा पाचशेचा निघाला.

आपल्याकडच्या कंपन्यांना कंपनी कायदा, २०१३ आणि त्याखालचे २०१४ चे भागभांडवल नियम लागू होतात. त्यातला नियम १२ ईसॉपचा. ग्रँट आणि व्हेस्टिंग यांत किमान एक वर्षाचं अंतर हवं, ऑप्शन्स दुसऱ्याला विकता किंवा गहाण ठेवता येत नाहीत, राजीनामा दिला की व्हेस्ट न झालेले रद्द होतात, आणि कर्मचारी दगावला तर त्याला दिलेले सगळे ऑप्शन्स त्याच दिवशी वारसांच्या नावे व्हेस्ट होतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी सेबीचे २०२१ चे वेगळे विनियम आहेत, पण गाभा असाच.

पायरी २ : सौदा कोणत्या जातीचा आहे?

'कंपनी विकली' हे दोन शब्द फार फसवे आहेत. त्यांच्या आड निदान चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

खरेदीदार थेट भागधारकांकडून शेअर्स विकत घेतो, हा सर्वांत सरळ प्रकार. पैसे भागधारकांच्या खात्यात येतात, कंपनी तीच राहते, फक्त मालक बदलतो. तुमचे ऑप्शन्स न वापरलेले असतील तर सौद्याच्या करारात त्यांच्याबद्दल स्वतंत्र कलम लागतं.

दुसरा प्रकार विलीनीकरणाचा. यात जुनी कंपनी नव्या कंपनीत विरून जाते आणि जुन्या शेअर्सच्या बदल्यात ठरलेल्या प्रमाणात नव्या कंपनीचे शेअर्स मिळतात. बडोदेकरांना याचं उदाहरण लांब शोधायला नको. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०८ मध्ये सुरू झालेल्या बँक ऑफ बडोदात १ एप्रिल २०१९ ला विजया बँक आणि देना बँक विलीन झाल्या. विजयाच्या दर १००० शेअर्समागे बडोदाचे ४०२ मिळाले आणि देनाच्या १००० मागे ११०. ज्याच्याकडे विजयाचे २५० होते त्याचे झाले १००.५. म्हणजे शंभर शेअर्स, आणि उरलेल्या अर्ध्याचे रोख पैसे. अडीचशेचे शंभर झाले म्हणून कुणी लुटलं असं होत नाही. विजयाच्या शेअरचं दर्शनी मूल्य १० रुपये होतं, बडोदाचं २ रुपये, बाजारभावही वेगळे. शेअर्स किती यापेक्षा त्या प्रमाणामागचं मूल्यांकन बघायचं. ते विलीनीकरण सरकारी बँकांच्या खास योजनेनं झालं. खासगी कंपनीचा मामला साधारणपणे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जातो, गुजरातसाठी अहमदाबादच्या पीठाकडे. भागधारकांना मिळणाऱ्या कागदांत मूल्यांकनाचा अहवाल असतो. तो वाचा, पण योजनेवर हरकत घेण्याचा हक्क किमान १० टक्के भाग असलेल्यांनाच आहे, हेही ध्यानात ठेवा. तुमच्या-माझ्यासारख्याच्या हाती मत देणं तेवढं उरतं.

याचा चुलतभाऊ म्हणजे विभाजन. बडोद्याच्या मणेजातला, एबीबी कंपनीचा पॉवर ग्रिडचा धंदा पुढे हिताची एनर्जी झाला, त्याआधी तो एबीबी इंडियातून वेगळा काढला गेला होता आणि दर पाच शेअर्समागे नव्या कंपनीचा एक शेअर भागधारकांना मिळाला होता. अशा वेळी जुने शेअर्स राहतातच, फक्त त्यांची खरेदी किंमत दोन कंपन्यांत वाटून लिहावी लागते.

तिसरा प्रकार नोकरदाराला सर्वांत घातक, आणि त्याबद्दल बोलतं कुणीच नाही. खरेदीदार शेअर्सना हातच लावत नाही. फक्त धंदा उचलतो. यंत्रं, ग्राहक, सॉफ्टवेअर, माणसं, सगळं एकगठ्ठा. याला स्लम्प सेल म्हणतात. पैसे येतात ते जुन्या कंपनीच्या खात्यात, तुमच्या नव्हे. तुमचे शेअर्स त्या रिकाम्या झालेल्या कंपनीतच राहतात, आणि ती कंपनी लाभांश, बायबॅक (स्वतःचेच शेअर्स परत विकत घेणं) किंवा दिवाळखोरीविना गुंडाळणी, यांपैकी काही करेल तेव्हाच पैसा खाली उतरतो. त्यात मेख अशी की तुमची नोकरी नव्या कंपनीकडे गेली म्हणजे जुनी नोकरी संपली, आणि योजनेत 'नोकरी संपल्यास' हे कलम असतंच! म्हणून बदलीच्या पत्रावर सही करण्याआधी लेखी विचारा: माझ्या ऑप्शन्ससाठी ही बदली राजीनामा धरली जाणार आहे का?

चौथा प्रकार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा. कुणी २५ टक्के मतांचा टप्पा ओलांडला की सेबीच्या २०११ च्या टेकओव्हर नियमांप्रमाणे त्याला इतर भागधारकांकडून निदान २६ टक्के घेण्याची खुली ऑफर द्यावी लागते. ऑफर दहा कामकाजाचे दिवस उघडी असते. ब्रोकरच्या ॲपवरून शेअर्स देऊ करायचे. जास्त लोकांनी दिले तर प्रमाणात घेतले जातात, उरलेले परत येतात. न वापरलेला ऑप्शन या ऑफरमध्ये देता येत नाही.

पायरी ३ : 'हजार रुपये भाव' आला कुठून?

भाचीच्या ऑफिसातल्या मंडळींनी सोपा भागाकार केला होता. त्यांच्या खऱ्या आकड्यांना हात न लावता तसाच एक हिशेब घेऊ. सौदा १०० कोटींचा, सगळे ऑप्शन्स धरून एकूण शेअर्स १० लाख, म्हणून शेअरला १००० रुपये.

पण १०० कोटी ही कंपनीची किंमत झाली, भागधारकांच्या हाती येणारी रक्कम नव्हे. आधी बँकेचं कर्ज आणि सौद्याचे खर्च जाणार, धरा १५ कोटी. राहिले ८५. आता गुंतवणूकदार. त्यानं ४० कोटी घातलेत, त्याच्याकडे २५ टक्के हिस्सा आहे, आणि त्याच्या प्रेफरन्स शेअर्सची अट अशी की आपली रक्कम आधी परत घ्यायची किंवा हिश्श्याप्रमाणे वाटा घ्यायचा, यांपैकी जे जास्त ते. ८५ चे २५ टक्के म्हणजे २१ कोटी २५ लाख. तो अर्थातच ४० कोटी उचलणार. उरले ४५ कोटी, आणि वाटेकरी साडेसात लाख शेअर्स. शेअरला ६०० रुपये.

घरच्या पंगतीत यजमान शेवटी बसतात. इथे शेवटच्या पंगतीत नोकरदार असतो आणि तोवर श्रीखंड संपत आलेलं असतं.

एक्सरसाइज किंमत १०० रुपये असेल तर ऑप्शनमागे खरी कमाई ५०० रुपये. पंधराशे व्हेस्ट झालेल्या ऑप्शन्सचे साडेसात लाख. त्यातले १० टक्के, म्हणजे ७५ हजार, एस्क्रो खात्यात (तिऱ्हाइताच्या ताब्यातल्या राखीव खात्यात) वर्षभर अडकवून ठेवले जातात, कारण पुढे जुन्या करांची किंवा खटल्यांची देणी निघाली तर खरेदीदाराला तिथून वसूल करता यावं. उरले ६ लाख ७५ हजार. पूर्ण साडेसात लाखांवर ३० टक्के दरानं कर आणि त्यावर ४ टक्के उपकर कापला, तर २ लाख ३४ हजार गेले. हातात ४ लाख ४१ हजार. वीस लाखांच्या स्वप्नाचा हा भाग.

तुमच्या कंपनीचे आकडे तुम्हाला कुणी सांगणार नाही, असं समजून गप्प बसू नका. 'साध्या शेअरला आणि ऑप्शनला, कर्ज, खर्च आणि प्रेफरन्स वजा जाता, अंदाजे किती मिळतील?' हा प्रश्न फायनान्सच्या माणसाला विचारता येतो. उत्तर तोंडी मिळालं तर त्याच संध्याकाळी 'आपल्या बोलण्याप्रमाणे' म्हणून एक ईमेल टाकून ठेवायचं.

पायरी ४ : व्हेस्ट न झालेल्यांचं भवितव्य

योजनेत 'नियंत्रणात बदल' किंवा तशाच अर्थाचं कलम शोधा. तिथे चारपैकी काहीतरी लिहिलेलं असतं: सगळे ऑप्शन्स लगेच व्हेस्ट होतील, नव्या मालकाच्या कंपनीचे ऑप्शन्स बदल्यात मिळतील, रोख रक्कम देऊन रद्द होतील, किंवा नुसतेच रद्द होतील. पुष्कळदा पाचवं वाक्यही असतं, 'संचालक मंडळ योग्य वाटेल ते ठरवेल'. हे वाक्य दिसलं तर समजा की कलम असून नसल्यासारखं आहे.

लगेच व्हेस्ट होण्याचेही दोन प्रकार. एकात सौदा झाला की पुरे. दुसऱ्यात सौदा व्हायला हवा आणि त्यानंतर ठरावीक काळात, बहुधा वर्षभरात, नव्या मालकानं तुम्हाला विनाकारण काढायलाही हवं. खरेदीदाराला दुसरा आवडतो, कारण माणसं टिकतात. मला विचाराल तर नोकरदारासाठीही तो वाईट नाही, फक्त 'विनाकारण' याची व्याख्या वाचून घ्या. बडोद्याहून चेन्नईला बदली केली आणि तुम्ही गेला नाहीत, तर ते काढणं की सोडणं?

ग्रँट मिळून वर्षही झालं नसेल, तर व्हेस्टिंग लवकर आणण्याच्या आड ती एक वर्षाची अट येते. अशा वेळी कंपन्या ऑप्शन्सऐवजी बोनस देतात. तो मागायला लाजू नये. उलट विलीनीकरणात जुन्याच्या बदल्यात नवे ऑप्शन्स मिळाले तर जुन्या कंपनीतला काळ त्या वर्षात धरला जातो, नियमातच तशी सोय आहे. एचआरच्या माणसाला ती ठाऊक असेल असं धरून चालू नका.

आता माझी गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही. मी नोकरी सोडली तेव्हा माझे काही ऑप्शन्स व्हेस्ट झालेले होते. सोडल्यावर ते वापरायला ९० दिवस होते. तसं आठवणीचं पत्र आलं, पण ते आलं ऑफिसच्या ईमेलवर, जे मी सोडल्याच्या संध्याकाळीच बंद झालं होतं. ९० दिवस उलटले. आणखी दोन महिन्यांनी कंपनी विकली गेल्याची बातमी मी सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रात वाचली. भांडायला गेलो, तर योजनेचं कलम माझ्यासमोर धरलं. तिथे माझी सही होती. त्यामुळे नोकरी सोडताना किंवा कंपनीत विक्रीची कुजबुज सुरू होताना दोन कामं करा: स्वतःचा खासगी ईमेल आणि घरचा पत्ता लेखी कळवा, आणि मुदत संपण्याची तारीख पावतीसह मागून घ्या.

पायरी ५ : कर कधी, कशावर?

ऑप्शन वापरताना आणि शेअर विकताना, असा दोनदा कर लागतो. वापरण्याच्या दिवशीचं बाजारमूल्य वजा तुम्ही भरलेली किंमत, हा फरक पगार धरला जातो आणि कंपनी टीडीएस कापते. शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीचं बाजारमूल्य सेबीकडे नोंदलेला पहिल्या श्रेणीचा मर्चंट बँकर ठरवतो, आणि ते मूल्यांकन १८० दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. पुढे शेअर विकला की त्या बाजारमूल्याच्या वरचा नफा हा भांडवली नफा.

त्याचे दर २३ जुलै २०२४ पासून बदलले. नोंदणी नसलेला शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला असेल तर दीर्घ मुदतीचा, त्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकला तर तुमच्या उत्पन्नाच्या कर-टप्प्यानं. नोंदणीकृत शेअरला १२ महिन्यांची सीमा. बाजारामार्फत विकला तर दीर्घ मुदतीला सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के आणि अल्प मुदतीला २० टक्के.

म्हणजे ज्यानं दोन वर्षांपूर्वी ऑप्शन वापरून ठेवला त्याचा नंतर वाढलेला सगळा नफा १२.५ टक्क्यांत सुटतो, आणि जो सौद्याच्या दिवशी वापरतो त्याचा सगळा फरक पगारात जातो. हे ऐकून पुष्कळजण लगेच वापरायला धावतात. मी भाचीला तसं करू दिलं नसतं. वापरताना किंमत खिशातून, टीडीएसही खिशातून, आणि शेअरला गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक कधी आलंच नाही तर कर भरलेला कागद उरतो. बुडाले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही, एवढ्याच रकमेचे आधी वापरावेत.

काही स्टार्टअपमध्ये हा पगारी कर पुढे ढकलता येतो. नुसती स्टार्टअप म्हणून नोंदणी पुरत नाही, करसवलतीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. आणि ढकललेला कर शेअर विकला किंवा नोकरी सोडली की लगेच, १४ दिवसांत, द्यावा लागतो. कंपनीच्या विक्रीत बहुधा यांपैकी एक घडतंच.

विलीनीकरणात जुन्या शेअर्सच्या बदल्यात भारतीय कंपनीचे शेअर्स मिळाले तर त्या दिवशी कर लागत नाही. जुनी किंमत आणि जुना काळ नव्या शेअर्सबरोबर येतो. पण खरेदीदारानं साध्या खरेदीत पैशांऐवजी स्वतःचे शेअर्स दिले तर ती विक्रीच धरली जाते. हातात रोकड नाही आणि कर मात्र भरायचा, अशी कात्री. करारात निदान करापुरती रोकड मागा.

ऑप्शन रद्द करून थेट रोख दिली तर कंपनी पगार धरून कर कापते, आणि ते साधारण मान्य आहे. वादाची जागा वेगळी आहे. फोनपे वेगळं झाल्यावर फ्लिपकार्टनं २०२३ मध्ये ऑप्शनधारकांना, ऑप्शन्सची किंमत घटली म्हणून, भरपाई दिली. ऑप्शन्स त्यांच्याकडेच राहिले. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं हा पगार नाही, कर नाही. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालय म्हणालं, कर आहे. आपण गुजरात उच्च न्यायालयाच्या हद्दीत, दोन्ही निकाल आपल्याला सल्ल्यापुरते. अशी भरपाई आली तर सीएला हे दोन्ही निकाल दाखवूनच विवरणपत्र भरा.

पायरी ६ : सही करण्याआधी

सौद्याचे कागद बहुधा शुक्रवारी संध्याकाळी येतात आणि सोमवारी सकाळपर्यंत सही हवी असते. त्यात तीन गोष्टी शोधा. पहिली ड्रॅग अलाँग: मोठे भागधारक विकत असतील तर तुम्हालाही त्याच भावानं विकावंच लागेल. हे आधीच्या करारात मान्य केलेलं असेल तर अडवून काही मिळत नाही. दुसरी हमी. शेअर्स माझे आहेत, त्यावर कुणाचा बोजा नाही, एवढीच हमी नोकरदारानं द्यावी. कंपनीचे जुने कर, खटले, ग्राहकांचे वाद यांची जबाबदारी तुमच्यावर टाकणारं वाक्य दिसलं तर ते काढायला सांगा. निदान तुम्हाला मिळालेल्या रकमेएवढी मर्यादा घाला. तिसरी पुन्हा व्हेस्टिंग: तुमच्याच पैशाचा काही भाग 'अजून दोन वर्षं राहिलात तर' या अटीवर ठेवलेला असतो. तो मिळणारच असं धरून घराचा हप्ता ठरवू नका.

डीमॅट खातं आत्ताच उघडा. छोट्या कंपन्या वगळता खासगी कंपन्यांनाही आता शेअर्स डीमॅटमध्येच ठेवावे लागतात. कागदी सर्टिफिकेट असेल तर विकण्याआधी ते डीमॅट करावं लागतं, आणि नावातल्या एका अक्षराच्या फरकावरून अर्ज परत येतो. आपल्या मराठी मंडळींचं हे खास दुखणं: पॅनवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव, बँकेत नुसतं आद्याक्षर, आणि लग्नानंतर आधारवर तिसरंच.

पायरी ७ : पैसे आल्यावर

टीडीएस खात्यावर चढला का ते तिमाही संपल्यावर, आणि पगारातला भाग कंपनीच्या वार्षिक टीडीएस प्रमाणपत्रात दिसतो का ते वर्ष संपल्यावर तपासा. नोंदणी नसलेले शेअर्स वर्षभरात एक दिवस जरी तुमच्याकडे असले तरी विवरणपत्राचा साधा फॉर्म, आयटीआर-१, चालत नाही. व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर आयटीआर-२ भरा. खरेदीदार परदेशी असून त्याचे शेअर्स मिळाले असतील तर परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावंच लागतं, विकले नसले तरी.

आणि एस्क्रोतले ते ७५ हजार. ते आपण होऊन येतील असं समजू नका. मुदत कधी संपते, पैसे सोडणारी बँक कोणती, दावा लागला तर कळवणार कोण, हे तिन्ही कराराच्या पानावरून उतरवून घ्या. भाचीची मुदत पुढल्या जुलैत संपते. कालनिर्णय अजून यंदाचाच भिंतीवर असल्यामुळे तिनं ती तारीख आमच्या वाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली, आणि पानाचा फोटोही काढून नेला.